घरचे बघतील

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१७ ऑक्टोबर २०१६

ताई,

वर साष्टांग नमस्कार घातलेला नाही, कारण तू तो खोटा आहे म्हणशील. तब्येतीची चौकशीही करत नाही, कारण तू सांगणार नाहीस. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे तीन वर्षं शुकशुकाट. राहिलं पत्र. न वाचता पत्र फाडायचा तुझा स्वभाव नाही, एवढी मी तुला ओळखते.

आज डोकं फिरलंय आणि ते कुणापुढे तरी मोकळं केलं पाहिजे. श्रीनिवासपुढे करून उपयोग नाही, निम्मं त्यानंच फिरवलंय.

झालंय असं, की आमच्या वन-नॉर्थच्या ऑफिसनं यंदा कर्मचाऱ्यांसाठी 'ग्रुप लीगल प्लॅन' काढलाय. मेडिकल इन्शुरन्स असतो ना, तसंच, फक्त डॉक्टरच्या जागी वकील. दर महिन्याला पगारातून थोडे पैसे कापणार आणि वर्षभरात कधी वकील लागला तर फोन करायचा. मृत्युपत्र करून मिळणार, भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट तपासून मिळणार, दुकानदारानं फसवलं तर त्याला खरमरीत पत्र जाणार. भारतातलं काही असेल तर नाही. नवरा-बायकोचं आपसातलं भांडण असेल तर नाही. कंपनीशी भांडण असेल तर अर्थातच नाही. म्हणजे माझी जी दोन भांडणं रोज चालू असतात ती सोडून बाकी सगळं! नोव्हेंबर संपायच्या आत हो की नाही ते सांगायचंय, आणि हो म्हटलं की वर्षभर बाहेर पडता येत नाही.

श्रीनिवासला दाखवलं. तो म्हणाला, "आपण सरळमार्गी माणसं. आपल्याला वकील कशाला?" जसं काही वकील फक्त चोरांसाठीच असतात. मी म्हटलं, मृत्युपत्र तरी करू. तर म्हणे, "त्याला प्लॅन कशाला? सुबोधला विचारतो."

सुबोध तुला आठवणार नाही. श्रीनिवासचा कॉलेजचा मित्र, इथेच बँकेत आहे, जुरोंग ईस्टला कॉन्डोत राहतो. जगातल्या प्रत्येक कामासाठी त्याच्याकडे एक 'ओळखीचा माणूस' असतो. आमचा फ्रिज अशाच ओळखीच्या माणसानं बसवलाय. त्याचं दार पूर्ण उघडत नाही, भिंतीला अडतं, पण पैसे वाचले. तर सुबोधच्या ओळखीच्या वकिलानं एक मृत्युपत्राचा नमुना पाठवला. रिकाम्या जागा भरा आणि सही करा. श्रीनिवासनं रविवारी चहा पितापिता भरूनही टाकला.

मी वाचला. घर कुणाला, पैसे कुणाला, सगळं नीट. एक रकाना होता: आम्ही दोघंही नसलो तर जाईचा पालक कोण. तिथे या माणसानं लिहिलं होतं, 'अवर फॅमिली'.

मी विचारलं, "फॅमिली म्हणजे कोण?"

"म्हणजे घरचे गं. घरचे बघतील."

आणि तो पेपर वाचायला लागला.

असो. तू आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंस, तुला अशा गोष्टी चटकन कळतात. असा प्लॅन घ्यावा की नाही, एवढंच विचारायला हे पत्र आहे. दुसरं काही नाही. अक्षर वाकडं आलंय कारण मान थोडी अवघडली आहे.

नीता


२ नोव्हेंबर २०१६

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी रोज खाली जाऊन लेटर बॉक्स उघडत होते. दिवाळीची सुट्टी होती, चकल्या केल्या, निम्म्या तेलात विरघळल्या. आई असती तर भाजणीवरून बोलली असती.

ऑफिसात या प्लॅनचं माहिती सत्र झालं. जेवणाच्या सुट्टीत, करी पफ आणि मिलो देऊन. एक वकीलबाई आल्या होत्या, मिस क्वेक. पंचविशीतली मुलगी गं, जाईच्या ट्यूशन टीचरसारखी दिसणारी. कुणाला काही विचारायचं असेल तर शेवटी विचारा म्हणाल्या. सगळे करी पफ खाऊन पांगले. मी श्रीनिवासनं भरलेला नमुना घेऊन त्यांच्यासमोर बसले.

त्यांनी शांतपणे वाचला आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "मॅडम, व्हॉट इज धिस?"

मी म्हटलं, आमचं कुटुंब. भारतात आहे. कोणीतरी नक्की घेईल तिला.

"कोणीतरी म्हणजे कोण? कुणाला विचारलंय का तुम्ही?"

मी सांगायला लागले, आमच्याकडे असं विचारत नाहीत, विचारावं लागत नाही, ते गृहीतच असतं. बोलताबोलता माझ्याच लक्षात आलं की मी श्रीनिवाससारखी बोलतेय. त्या मुलीनं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, फॅमिली इज नॉट अ नेम." नाव नसेल तर मग कोर्ट ठरवेल. कोण कोण पुढे येतंय ते बघेल, कागद मागवेल, वेळ लागेल. "आणि तोपर्यंत?" मी विचारलं. तोपर्यंत मुलगी कुठे राहील हे तुमच्या हातात नसेल, म्हणाल्या. वाईट सुरात नाही, अगदी साध्या सुरात.

ताई, आता खरं सांगते. मान अवघडली आहे ती झोपेमुळे नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही दोघं टॅक्सीनं येत होतो, एक्स्प्रेसवेवर मागून लॉरीनं धडक दिली. फार काही झालं नाही. श्रीनिवासच्या खांद्याला मुका मार आणि माझी मान. पण हॉस्पिटलात तपासण्या होईपर्यंत दोघांचे फोन बॅगेत, बॅग कुठल्या तरी लॉकरमध्ये. जाई शाळेत वाट बघत बसली. शाळेनं आम्हाला फोन केले, मग तिसऱ्या नंबरवर केला. तिसरा नंबर सुबोधचा. तो मीटिंगमध्ये. चौथा नंबर नव्हताच. अंधार पडत आला तेव्हा मी पोचले. पोरगी ऑफिसमध्ये शिपाईकाकांच्या शेजारी बसून कोरा पाव खात होती. मला बघून रडली नाही, चिडली. "वेअर यू गो? आय थॉट यू ऑल डेड, यू नो!" असं म्हणाली, तिथेच सगळ्यांसमोर.

श्रीनिवास म्हणतो, मुलं बोलतात असं काहीही. माझ्या डोक्यातून ते वाक्य जात नाहीये.

नीता


१४ नोव्हेंबर २०१६

ताई,

तिकडे नोटा बदलायला रांगा लागल्यात असं बातम्यांत बघतेय. तुझं बँकेचं काम उरकलं का? उन्हात उभी राहू नकोस, पित्त उठेल.

मी नाव शोधायला लागले. तुला सांगते, वैतागून गेले. या प्रश्नाला अख्ख्या गोतावळ्यात एकच उत्तर आहे.

पहिला फोन रवींद्र भावोजींना. श्रीनिवासचे मोठे भाऊ, मुलुंडला असतात, दोन मुलगे. श्रीनिवासच्या डोक्यातले 'घरचे' म्हणजे तेच. मी अगदी आडवळणानं विषय काढला, असं असं फॉर्ममध्ये नाव लागतं, तुमचं घालू का? भावोजी म्हणाले, "अगं नीता, असं काय अभद्र बोलतेस? असं काही होणार नाही." मी म्हटलं, होणार नाहीच, पण झालं तर? "होणारच नाही!" मागून जाऊबाईंचा आवाज, "काय झालं हो?" "काही नाही, नीताला उगीच टेन्शन आलंय." मग मला शांत झोप लागण्यासाठी एक स्तोत्र सुचवलं आणि फोन ठेवला. हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत!

मग श्रीनिवासची आत्या. असं काही होणार नाही. मग माझी पुण्यातली मैत्रीण. छे गं, असं काही होणार नाही, तू योगासनं कर. सुबोधला विचारलं तर तो म्हणाला की त्याच्या ओळखीत एक चांगला काउन्सेलर आहे.

सगळी प्रेमाची माणसं. उद्या खरंच काही झालं तर धावत येतील, रडतील, चार दिवस पोरीला जवळ घेऊन बसतील, हे मला ठाऊक आहे. पण पाचव्या दिवशी तिची शाळा कुठली, तिची खोली कुठली, तिला ताप आला तर रात्री कोण उठणार, हे सांगायला एक माणूस तयार नाही. कारण ते बोलायचंच नाही. बोललं की घडतं!

आईला आपण विचारलं होतं का ताई? ती इथे आली तेव्हा तिचं हृदय काय अवस्थेत होतं ते तुलाही माहीत होतं, मलाही. तिला कुठे न्यायचं, कसं करायचं, तिची काय इच्छा आहे, दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही. ती गेल्यावर तू म्हणालीस, तिला पुण्याला आणायला हवं होतं. मी म्हटलं, तिला तसं पेटीत घालून पाठवणं मला जमणार नाही. इथल्या मंडाईच्या स्मशानात केलं सगळं. तुला वाटलं मी तुझा हक्क काढून घेतला. मला अजूनही वाटतं की मी जे केलं ते बरोबर केलं, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण आईची इच्छा काय होती हे तुला माहीत नाही, मलाही नाही, आणि तीन वर्षं आपण एकमेकींवर रुसलो आहोत ते तिनं न सांगितलेल्या उत्तरावरून. असला मूर्खपणा आपणच करू जाणे.

काल श्रीनिवासशी जोरात वाजलं. मी म्हटलं, मला ताईचं नाव घालायचंय.

"कादंबरीताई? त्या तुझ्याशी बोलत नाहीत!"

"न बोलून काय झालं? तिच्यावर माझा भरवसा आहे."

"एकट्या राहतात, वय झालंय. दादाकडे निदान भरलं घर आहे."

"तुझ्या दादाच्या तोंडून हो निघत नाही!"

यावर तो दार आपटून हॉकर सेंटरला जेवायला गेला. येताना माझ्यासाठी पराठा आणला, तो बोलत नसताना आणतो तसा.

तर ताई, आता सरळ विचारते. प्लॅनबिन सगळं निमित्त होतं, तुला पहिल्याच पत्रात कळलं असेल. आम्ही दोघंही नसलो तर तू जाईला सांभाळशील का? मला असं काही होणार नाही म्हणू नकोस. हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण तुझं चुकलं असं म्हणणार नाही.

नीता


२३ नोव्हेंबर २०१६

ताई,

तुझा मेसेज आला. 'पत्रं मिळाली. विचार करते.'

तीन वर्षांनी माणूस लिहितं आणि चार शब्द लिहितं! त्यात माझं नाव नाही, जाईचं नाव नाही, वीजमंडळाला लिहिल्यासारखं. विचार कसला करतेस? मी काय तुला पोर आजच पार्सल करतेय?

विचार कर. करायलाच हवा, मला माहीत आहे. बाकी सगळ्यांनी विचार न करताच उत्तर दिलं. मी सकाळपासून चिडले आहे आणि सकाळपासून तो मेसेज उघडून बघते आहे.

सोमवारपर्यंत कळव. नंतर प्लॅनची मुदत संपते.

नीता


२९ नोव्हेंबर २०१६

ताई,

रविवारी तू फोन ठेवलास त्यानंतर मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून पुन्हा पत्रच. सवय लागली वाटतं.

तुझं नाव स्क्रीनवर बघितलं तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. मोहरी जळली. मी हॅलो म्हटलं आणि तू म्हणालीस, "जाईला दे." कशी आहेस नाही, काही नाही. मी निमूट फोन स्पीकरवर टाकून तिच्यासमोर ठेवला. तुला ठाऊक नसेल, श्रीनिवासही तिथेच उभा होता, हातात प्लेट घेऊन.

आणि तू तिला विचारलंस, "जाई, मी कादंबरीमावशी. उद्या तुझे आई आणि बाबा दोघंही नसले, तर माझ्याकडे राहशील का?"

ताई! नऊ वर्षांची पोरगी आहे गं! श्रीनिवास प्लेट ठेवून पुढे झाला, फोन घेणारच होता. पण जाई घाबरली नाही. तिनं गंभीरपणे विचार केला, आपण मोठी माणसं करतो त्यापेक्षा नीट, आणि म्हणाली, "कॅन लाह, मावशी. बट युअर हाउस गॉट वाय-फाय ऑर नॉट?"

"आहे. पण पासवर्ड पाढे म्हटल्यावर मिळतो."

"अप टू व्हॉट?"

"तिसापर्यंत."

"सो मेनी!" असं म्हणून ती तुला शाळेतल्या तिच्या मैत्रिणीचं मांजर कसं हरवलं ते सांगत बसली. अपघाताच्या दिवसापासून ती रोज झोपताना मला विचारायची, तुम्ही मेलात तर मी कुठे जाणार? मी काय सांगत होते माहीत आहे? असं काही होणार नाही, झोप. हे मी तुला आधी लिहिलं नव्हतं. आता ती विचारत नाही.

मग तू म्हणालीस, "आता तुझ्या आईला दे." आणि मला म्हणालीस, "माझं नाव घाल. पण मी आधी गेले तर? खाली दुसरं नाव कुणाचं आहे?"

आणि मी काय बोलले ते तू ऐकलंसच. मी ओरडलेच. "अगं काय अभद्र बोलतेस ताई, असं काही होणार नाही!"

श्रीनिवास इतका हसला की खांदा धरून खाली बसला. मलाही हसू येत होतं आणि रडूही. पलीकडून तू म्हणालीस, "नीता, मी तुझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. दुसरं नाव लिही." आणि ठेवलास.

संध्याकाळी श्रीनिवासनं स्वतः मुलुंडला फोन लावला. "दादा, पहिलं नाव नीताच्या ताईचं आहे, त्यांनी हो म्हटलंय. त्यांच्यानंतर तू आणि वहिनी. हो का नाही?" या वेळी जाऊबाई फोनवर आल्या. त्यांनी जाईला शिंगाडा चालतो का, तिला कसली अ‍ॅलर्जी आहे, असं बरंच विचारलं. मग म्हणाल्या, हो. कुणीतरी आधी हो म्हणायला हवं होतं, असं दिसतं.

काल प्लॅनवर हो केलं. नुसतं एक मृत्युपत्र करायचं तर बाहेरचा वकील परवडला असता, श्रीनिवासचं तेवढं बरोबर होतं. पण मिस क्वेकनी सांगितलं, यात वर्षभर हवे तितके बदल करून मिळतात. आमच्या घरात पहिल्या फेरीत कधी काही ठरलंय? मी लगेच टिक केलं. साक्षीदार म्हणून सुबोध आणि त्याची बायको येणार आहेत. त्यानं विचारलं, ओळखीतला फोटोग्राफर आणू का.

जाईची डिसेंबरची सुट्टी चालू आहे. मी तिला पंधरा दिवस तुझ्याकडे पाठवते आहे, एकटीला, एअरलाइनच्या बाईंच्या सोबतीनं. आपण दोघी अजून धड बोललेलो नाही आहोत, ते राहू दे, होईल तेव्हा होईल. पण तिला तुझं घर माहीत हवं. दार कुठे, संडास कुठे, तू सकाळी किती वाजता उठतेस, रागावलीस की कशी दिसतेस.

ती काय खाते, काय खात नाही, ते वेगळ्या कागदावर लिहिलंय. ऐकेनाशी झाली की काय करायचं, तेही लिहिणार होते. दोन ओळी लिहिल्या आणि खोडल्या. ते तुझं तू ठरव.

नीता